ओतलेला पाषाण

काँक्रीटच्या घरांत राहाणारे आपण सर्वच आहों. पण काँक्रीटकडे पाहाणारे आपणांपैकीं फारच थोडे. छत त्याचें, खांब त्याचे, पायाहि त्याचाच. तरी घर उभें राहातांच त्याला गिलाव्यानें झांकावें, गिलाव्यावर रंग द्यावा आणि रंग उडाला म्हणजे कंत्राटदारास बोल लावावा, एवढाच आपला त्याचा संबंध. ‘सिमेंटचें जंगल’ हा शब्दप्रयोग तर शाळेंतील मुलांच्या निबंधांत आतां ठरूनच गेला आहे. आणि नेमकें हेंच काँक्रीट, गिलावा न करितां व रंग न देतां, जगांतील नामांकित स्थपति मोठ्या अभिमानानें उघडें ठेवितात, व तें पाहाण्यास दूरदूरच्या देशांतून लोक येतात.

या सदराच्या एका वाचकभगिनींनीं याच संबंधांत प्रश्न केला आहे. त्यांच्या चिरंजीवांनीं नव्या घराच्या दिवाणखान्यांतील एक भिंत ‘तशीच’ ठेवण्याचें ठरविलें आहे. सासूबाईंचें म्हणणें असें कीं, अर्धवट राहिलेल्या भिंतीपुढें वास्तुशांति करणें बरें नव्हे. आणि या दोघांच्या मध्यें सांपडलेल्या या भगिनी विचारतात, ‘त्या करड्या भिंतींत लोकांना दिसतें तरी काय?’ प्रश्न साधा आहे, पण त्याचें उत्तर एका वाक्यांत देतां येण्यासारखें नाहीं. चिरंजीवांचें म्हणणें चूक नाहीं आणि सासूबाईंचेंहि अगदींच चूक नाहीं, एवढें आरंभींच सांगून ठेवितों.

प्रथम शब्दाकडे पाहूं. काँक्रीट हा शब्द मूळचा लॅटिन. ‘एकत्र वाढून घट्ट झालेलें’ असा त्याचा अर्थ. संस्कृतांतील ‘संहत’ हा शब्द त्याच्या बराच जवळ येतो. सिमेंट आणि काँक्रीट हे शब्द आपण एकाच अर्थानें वापरितों, तें बरोबर नाहीं. लाडवांत पाक असतो, पण पाक म्हणजे लाडू नव्हे. सिमेंट हा पाक. खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी यांचा एकजीव होऊन जो गोळा बनतो, तें काँक्रीट. दुसराहि एक समज असा कीं, काँक्रीट वाळून घट्ट होतें. वस्तुतः तें वाळल्यानें नव्हे, तर सिमेंटचा पाण्याशीं रासायनिक संयोग होऊन घट्ट होतें. म्हणूनच स्लॅब पडल्यावर त्यावर आळीं करून पाणी सांठवितात आणि घरधनी सकाळसंध्याकाळ पाणी मारीत बसतो. घाईनें वाळलेलें काँक्रीट कच्चेंच राहिलें, असें समजावें.

दगडास दगड चिकटविणारा लेप आपल्या पूर्वजांस ठाऊक होता. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वज्रलेपावर स्वतंत्र अध्यायच आहे. टेंभुर्णीचीं कच्चीं फळें, कवठें, सांवरीचीं फुलें अशीं द्रव्यें पाण्यांत घालून अष्टमांश उरेपर्यंत तो काढा आटवावा, अशी कृति तेथें सांगितली आहे. मराठींत न पुसणाऱ्या गोष्टीस आपण अजूनहि वज्रलेप म्हणतों. परंतु तो लेप झाला, जोडणी झाली. दगडच पातळ करून सांच्यांत ओतावा, ही गोष्ट त्याहून निराळी. पाथरवट दगडांतून नको तेवढें काढून टाकतो आणि आकार शिल्लक ठेवितो. काँक्रीटच्या कामांत आधीं आकाराची पोकळी करावी लागते आणि मग तींत दगड भरावा लागतो. काँक्रीटचें सारें आकर्षण आणि त्यांतील सारा धोका या एका उलट्या क्रमांत आहे.

ही विद्या मोठ्या प्रमाणावर प्रथम साधली ती रोमन लोकांनीं. ज्वालामुखीची राख चुन्यांत मिसळली असतां तो चुना पाण्याखालींहि घट्ट होतो, हें त्यांस कळलें होतें. रोम शहरांतील पँथिऑन हें देवालय हेड्रियन बादशहाच्या कारकीर्दींत, इ. स. १२६ च्या सुमारास पुरें झालें. त्याच्या घुमटाचा व्यास सुमारें ४३ मीटर आहे, आणि जमिनीपासून घुमटाच्या माथ्यापर्यंतची उंचीहि तेवढीच. विजापूरचा गोल घुमट ज्यांनीं आंतून पाहिला असेल, त्यांस या विस्ताराची कल्पना करतां येईल. रोमच्या या घुमटांत लोखंडी सळई नाहीं; तरी सुमारें १९०० वर्षें तो उभा आहे, आणि सळईवांचून बांधलेला काँक्रीटचा एवढा मोठा घुमट जगांत दुसरा नाहीं. त्यांतील युक्ति अशी कीं, खालच्या थरांत जड दगडाची खडी घातली आहे आणि वर जावें तसतशी ती हलकी होत गेली आहे. माथ्याजवळ तर पाण्यावर तरंगणारा प्युमिस दगड आहे. घुमटाची जाडीहि वर वर कमी होत जाते. अगदीं माथ्यावर सुमारें ९ मीटर व्यासाचें उघडें गवाक्ष आहे. त्यांतून उन्हाचा एक थोरला कवडसा आंत उतरतो आणि दिवसभर भिंतीवरून सरकत राहातो. भव्यता आणि प्रकाश यांची ही जोडी लक्षांत ठेवावी. पुढें ती पुन्हां भेटणार आहे.

रोमन साम्राज्य मावळलें आणि ही विद्याहि मागें पडली. अर्वाचीन काळीं ती पुन्हां वर आली ती विद्वत्सभांतून नव्हे, तर हातानें काम करणाऱ्या माणसांकडून. १८२४ सालीं इंग्लंडांतील लीड्स येथील जोसेफ ॲस्पडिन या गवंड्यानें चुनखडी व चिकणमाती भाजून केलेल्या सिमेंटचें पेटंट घेतलें. घट्ट झाल्यावर तें पोर्टलंड येथील इमारती दगडासारखें दिसतें म्हणून त्यानें त्यास पोर्टलंड सिमेंट म्हटलें. तें नांव आजहि पोत्यांवर छापलेलें असतें. पुढें फ्रान्समध्यें जोसेफ मोन्ये नांवाच्या माळ्यानें झाडांच्या कुंड्या मजबूत व्हाव्यात म्हणून सिमेंटांत लोखंडी जाळी घालून पाहिली आणि १८६७ सालीं तिचें पेटंट मिळविलें. १८९२ सालीं फ्रांस्वा एनेबिक या फ्रेंच बांधकाम करणाऱ्यानें खांब, तुळया आणि छत हीं सळया घालून एकसंध ओतण्याच्या पद्धतीचें पेटंट घेतलें. आपण ज्यास ‘आर. सी. सी.’ म्हणतों, तें याच घराण्यांतलें.

लोखंडाची गरज कां पडली, हें समजून घेण्यासारखें आहे. तुळईवर भार पडला म्हणजे ती किंचित् वांकते. तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. काँक्रीट दाब उत्तम सोसतें. ताण मात्र त्यास त्याच्या सुमारें एक-दशांशच सोसवतो. लोखंड ताणास खंबीर. म्हणून जेथें ताण, तेथें सळई. शिवाय उष्णतेनें या दोघांचें प्रसरण जवळजवळ सारखेंच होतें. तसें नसतें, तर वैशाखांत एक फुगलें असतें, दुसरें मागें राहिलें असतें आणि घराच्या चिंध्या झाल्या असत्या. त्यांतहि काँक्रीटमधील क्षार लोखंडास गंजूं देत नाहींत. एकाचें उणें दुसऱ्यानें भरून काढावें आणि बाहेरून दोघे मिळून एकच दिसावेत, असा हा संसार आहे.

आरंभीं या नव्या पदार्थास उघड्यावर येण्याची चोरी होती. काँक्रीटचा सांगाडा करावा आणि वर दगडाचें किंवा विटांचें सोंग चढवावें, अशीच रीत होती. ऑग्युस्त पेरे या फ्रेंच स्थपतीनें १९२३ सालीं पुऱ्या झालेल्या पॅरिसजवळील रँसी येथील चर्चमध्यें तें सोंग टाकून दिलें; सडपातळ खांब, भिंतींच्या जागीं काँक्रीटच्या जाळ्या व त्यांत रंगीत कांचा, आणि सर्व कांहीं उघडें. आपल्याकडे १९३० नंतरच्या दशकांत मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर आणि ओव्हल मैदानाच्या कडेनें काँक्रीटच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांचे गोलाईदार सज्जे आणि खिडक्यांवरील लांबट छज्जे काँक्रीटवांचून शक्यच नव्हते. ओव्हल मैदानाभोंवतालच्या त्या आणि त्यांच्या समोरच्या जुन्या इमारती मिळून २०१८ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशांत गेल्या. त्याच सुमारास पुण्याचे अभियंते आर. एस. देशपांडे मध्यमवर्गीयांसाठीं सुटसुटीत घरांचे नकाशे देणारीं पुस्तकें लिहीत होते. त्यांचें ‘मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया’ हें पुस्तक १९३९ सालचें. वाड्यांतून बंगल्यांत आणि चाळींतून ब्लॉकांत जाण्याची जी हौस आपल्या समाजांत त्या काळीं उत्पन्न झाली, तिला काँक्रीटनें हात दिला. पण या घरांतून काँक्रीट होतें तें गिलाव्याच्या आंत. उघड्या काँक्रीटचा मोठा प्रयोग त्याच काळांत पाँडिचरीस श्रीअरविंद आश्रमांत चालला होता. अँटोनिन रेमंड यांनीं आंखलेल्या ‘गोलकोंड’ या निवासाचें काम १९३७ सालीं सुरू झालें. त्याच्या लांब बाजूंस भिंती जवळजवळ नाहींतच. उघडझांप करतां येणाऱ्या आडव्या पट्ट्या आहेत. दुहेरी छपरामुळें ऊन थेट स्लॅबवर पडत नाहीं. काँक्रीट आणि हवा यांचें वैर नाहीं, हें तेथें पाहावें.

उघड्या काँक्रीटास खरी प्रतिष्ठा मिळाली ती मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर. फ्रान्समधील मार्सेय येथें ल कॉर्ब्युझ्ये या स्थपतीनें १९४७ ते १९५२ या काळांत ३३७ बिऱ्हाडांची एक प्रचंड इमारत उभारली. युद्धानें देश खंगलेला, पोलादाची टंचाई, काम अनेक मक्तेदारांत वांटलेलें. सांचे काढले तेव्हां कोठें फळीच्या शिरा उमटलेल्या, कोठें सांधे पुढें आलेले, कोठें खडी उघडी पडलेली, असें तें दिसलें. दुसऱ्या कोणीं तें गिलाव्यानें झांकलें असतें. कॉर्ब्युझ्येनें तें तसेंच ठेविलें, आणि माणसाच्या चेहऱ्यावर सुरकुत्या असतात तशा या खुणा आहेत, अशी भूमिका घेतली. अशा काँक्रीटास फ्रेंच भाषेंत ‘बेतों ब्र्युत’ म्हणतात. ‘ब्र्युत’ म्हणजे कच्चें, असंस्कृत, जसें आहे तसें. पुढें इंग्रजींत या पद्धतीस ‘ब्रूटॅलिझम’ हें नांव पडलें आणि ऐकणाऱ्यास वाटूं लागलें कीं, यांत कांहीं पाशवी, क्रूर असें आहे. शब्दाचा अर्थ भाषा बदलतांना कसा घसरतो आणि मग पदार्थाची अब्रूहि आपल्याबरोबर कशी ओढून नेतो, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

याच कॉर्ब्युझ्येचें सर्वांत मोठें काम आपल्या देशांत आहे. १९४७ च्या फाळणींत लाहोर पाकिस्तानांत गेलें आणि पूर्व पंजाबास राजधानी उरली नाहीं. नव्या नगराची आंखणी प्रथम आल्बर्ट मेयर या अमेरिकनाकडे होती. त्याचा सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० सालीं विमान-अपघातांत मरण पावला, आणि मग हें काम कॉर्ब्युझ्येकडे आलें. चंदिगडच्या उच्च न्यायालयाची इमारत १९५५ सालीं पुरी झाली. सुमारें २५० मीटर लांबीचें सचिवालय आणि विधानसभा त्यानंतरचीं. तेथें काँक्रीट निवडण्याचें कारण केवळ आवड नव्हे. पोलाद महाग, यंत्रें थोडीं आणि काम करणारे हात पुष्कळ, अशी तेव्हांची स्थिति होती. लांकडी उतरणींवरून डोक्यावर घमेलीं घेऊन रांगेनें वर चढणाऱ्या मजूर स्त्रियांचीं त्या कामावरील छायाचित्रें प्रसिद्ध आहेत. त्या विशाल भिंती अशा घमेल्याघमेल्यांनीं भरल्या गेल्या. उच्च न्यायालयावर छत्रीसारखें दुसरें छप्पर आहे. त्याच्या खालून वारा वाहातो आणि मूळ छत सावलींत राहातें. खिडक्यांपुढें काँक्रीटच्या खोल चौकटी आहेत, त्यांमुळें उन्हाळ्यांतील उभें ऊन आंत येत नाहीं आणि भिंतीवर सावल्यांची नक्षी पडते. न्यायालयाच्या दालनांत आवाज घुमूं नये म्हणून भिंतींवर विणलेले प्रचंड पट लाविले आहेत. त्यांचीं चित्रें कॉर्ब्युझ्येचींच आणि वीण काश्मिरी हातांची. २०१६ सालीं हा सारा परिसर जागतिक वारसा ठरला.

चंदिगडचें काँक्रीट खरखरीत आहे. याच्या अगदीं उलट टोंकास जपानचे तादाओ आंदो आहेत. १९४१ सालीं ओसाका येथें जन्मलेल्या या गृहस्थांनीं कोणत्याहि विद्यालयांत वास्तुकलेचें शिक्षण घेतलें नाहीं. तारुण्यांत ते मुष्टियोद्धे होते. त्यांचें काँक्रीट रेशमासारखें गुळगुळीत असतें. सांच्याच्या फळ्या जपानी तातामी चटईच्या आकाराच्या, सुमारें ९० गुणिले १८० सेंटिमीटर. सांचा आंवळून धरणाऱ्या बोल्टांचीं वाटोळीं छिद्रें ठराविक अंतरावर मुद्दाम तशींच ठेविलेलीं. १९८९ सालीं त्यांनीं ओसाकाजवळ इबाराकी येथें एक लहानसें चर्च बांधलें. वेदीमागच्या काँक्रीटच्या भिंतींत उभी आणि आडवी अशी एकेक फट, एवढाच तेथील क्रूस. भिंत अंधारांत राहाते आणि क्रूस उजेडाचा होतो. पँथिऑनचा कवडसा आणि ही फट यांत १८०० हून अधिक वर्षांचें अंतर आहे, पण युक्ति एकच: निश्चल, करडें अंग पाठीशीं असल्यामुळें उजेड अधिक उजळ दिसतो.

आंदो यांचें एक घर आपल्या वाचकांस विशेष जवळचें वाटेल. १९७६ सालीं ओसाकाच्या सुमियोशी भागांत, दोन्ही बाजूंस घरें खेटून असलेल्या चार मीटरांहूनहि कमी रुंदीच्या जागेंत त्यांनीं तें बांधलें. रस्त्याच्या बाजूस काँक्रीटची कोरी भिंत आणि एक दरवाजा. आंत तीन सारखे भाग, त्यांतील मधला भाग म्हणजे आभाळाकडे उघडा चौक. निजण्याच्या खोलींतून न्हाणीघराकडे जावयाचें तर पावसांत छत्री घेऊन चौक ओलांडावा लागतो. या गैरसोयीवरून पुष्कळ टीका झाली. पण वाड्यांत वाढलेल्यांस तींत नवल तें काय वाटणार? माजघरांतून परसांत जातांना आपल्या आज्या डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊनच जात होत्या, आणि त्याच चौकांतून घरांत उजेड, वारा आणि ऋतु येत होते. दगडमातीच्या वाड्याचें मर्म ओतलेल्या पाषाणांतहि जिवंत राहूं शकतें, हें या घरानें दाखविलें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. या करड्या भिंतींत लोकांना दिसतें काय? माझ्या मतें उत्तर असें आहे: त्यांना ती भिंत कशी झाली तें दिसतें. विटेची भिंत गिलाव्याखालीं जाते आणि तिचा जन्म विसरला जातो. उघड्या काँक्रीटवर मात्र फळीची शीर, फळीचा सांधा, एका दिवसाचें ओतणें जेथें थांबलें व दुसऱ्या दिवसाचें जेथें सुरू झालें ती रेघ, हें सर्व कायमचें उमटून राहातें. त्यांत आणखीहि एक गंमत आहे. या भिंतीचें रूप गवंडी घडवीत नाहीं, सुतार घडवितो. सांचा म्हणजे सुतारकामच. काँक्रीट त्याचें उलटें चित्र. सुताराचें काम पुढें मोडून नेलें जातें आणि त्याची छाप तेवढी उरते. जें काम शिल्लक राहाणार नाहीं, तें किती मन लावून केलें होतें, याची साक्ष जें शिल्लक राहिलें तें देतें. गिलाव्यास चुका पोटांत घालण्याची सवय असते. उघड्या काँक्रीटास ती नाहीं. म्हणून ज्या भिंतीस झांकण्यासारखें कांहीं नाहीं, ती पाहून जाणत्या माणसास समाधान होतें. हें आकर्षण रूपाचें थोडें आणि सचोटीचें अधिक आहे.

परंतु सचोटी म्हणजे अमरत्व नव्हे, आणि येथेंच काँक्रीटविषयीं आपली मोठी फसगत झालेली आहे. एकदां स्लॅब पडला कीं शंभर वर्षें पाहावयास नको, असें आपण मानतों. वस्तुतः हवेंतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू काँक्रीटच्या अंगांत शिरतो आणि सळईचें रक्षण करणारा क्षार क्षीण होतो. समुद्रकांठीं खारी हवा हेंच काम अधिक वेगानें करिते. मग पाणी झिरपलें कीं सळई गंजते. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. आणि तो आंतून रेटा देऊन काँक्रीटचे पापुद्रे पाडतो. पँथिऑन टिकला तो सळई नसल्यामुळें. आपलें घर उभें आहे तें सळई असल्यामुळें, आणि त्याचें दुखणेंहि तीच. त्यांतून कोंकणपट्टीचा पाऊस. उघड्या भिंतीवर दोन पावसाळ्यांत काळे ओघळ आणि शेवाळ धरतें. काँक्रीट दिवसा तापतें आणि रात्रीं ती उष्णता घरांत सोडतें, हें वरच्या मजल्यावर राहाणाऱ्यांस सांगावयास नको.

म्हणूनच आपल्या देशांतील चांगल्या स्थपतींनीं उघडेपणाचा हट्ट धरिला नाहीं. पुण्यास १९२७ सालीं जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांनीं पॅरिसमध्यें कॉर्ब्युझ्येच्या हाताखालीं काम केलें आणि परत आल्यावर अहमदाबादेंतील त्याच्या कामांवर देखरेख केली. स्वतःच्या ‘संगाथ’ या कार्यालयाच्या कमानदार छपरांवर मात्र त्यांनीं ऊन परतविण्यासाठीं पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांचें आवरण घातलें. आपल्याकडे गच्चीवर करितात तसेंच. २०१८ सालीं त्यांना प्रित्झ्कर पारितोषिक मिळालें. तें मिळविणारे ते पहिले भारतीय. २०२३ सालीं ते निवर्तले. मुंबईंत कंबाला टेकडीवर चार्ल्स कोरिया यांची ‘कांचनजंगा’ ही ८४ मीटर उंच इमारत १९८३ सालीं पुरी झाली. तिच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीचे खोल सज्जे आहेत. समुद्राकडून वारा यावा, पण त्याच बाजूचा पाऊस व संध्याकाळचें ऊन आंत येऊं नये, यासाठीं जुन्या बंगल्याच्या ओसरीचीच ती योजना.

तेव्हां त्या चिरंजीवांस माझें सांगणें असें. भिंत दिवाणखान्याच्या आंतली आहे, तिला पाऊस लागणार नाहीं. खुशाल उघडी ठेवावी. पण भिंत ‘तशीच’ ठेवणें म्हणजे कांहींच न करणें, असा समज असेल तर तो सोडावा. उत्तम सुतार आधीं शोधावा. घराच्या मागल्या बाजूस नमुन्याचा एक तुकडा ओतून पाहावा. फळ्यांचे सांधे कोठें येतील, विजेच्या नळ्या कोठून जातील, हें ओतण्यापूर्वीं कागदावर ठरवावें. कारण नंतर फोडलेल्या चरीचा व्रण लपत नाहीं. आणि सांचा काढल्यावर भिंत फसलेली दिसली, तर तत्त्वाचा आग्रह न धरितां सरळ गिलावा करावा. सासूबाईंची हरकत वस्तुतः उघडेपणास नसून निष्काळजीपणास आहे. नीटनेटकी भिंत पुढें उभी राहिली, तर वास्तुपुरुषास आणि त्यांनाहि ती चालेल, असा माझा अदमास आहे.

मात्र एका भिंतीहून मोठा प्रश्न शिल्लक राहातो. दिल्लींत प्रगति मैदानावर १९७२ च्या आशियाई व्यापार-प्रदर्शनासाठीं ‘हॉल ऑफ नेशन्स’ ही इमारत उभारली होती. स्थपति राज रेवाल आणि अभियंता महेंद्र राज. अशी त्रिमिति जाळी इतर देशांत पोलादाची करितात. आपणांस तेवढें पोलाद परवडत नव्हतें, म्हणून ती काँक्रीटची, जागच्या जागीं हातांनीं ओतून केली, आणि मध्यें एकहि खांब न घेतां ७८ मीटरांचें अंतर झांकलें. गरिबींतून निघालेली ती बुद्धिमत्ता होती. २०१७ सालच्या एप्रिल महिन्यांत एका रात्रींत ती पाडण्यांत आली. वारसा म्हणून विचार व्हावयास इमारत साठ वर्षांची असावी लागते आणि ही तर पंचेचाळिसांतच आहे, असें कारण पुढें आलें. माणसास साठाव्या वर्षीं निवृत्ति मिळते आणि इमारतीस साठाव्या वर्षीं प्रतिष्ठा. मधल्या काळांत तिला कोणीच वाली नसतो.

ही हानि केवळ सौंदर्याची नव्हे. सिमेंट करावयाचें म्हणजे चुनखडी सुमारें १४५० अंश उष्णतेच्या भट्टींत भाजावी लागते. इंधनाचा धूर तर होतोच, शिवाय चुनखडींत कोंडलेला कार्बन डायऑक्साइडहि मोकळा होतो. जगांतील माणसांच्या उद्योगांमुळें निघणाऱ्या त्या वायूपैकीं सुमारें ८ टक्के एकट्या सिमेंटमुळें निघतो. वाळूसाठीं नद्यांचे तळ खरवडले जातात तें निराळेंच. उभी इमारत पाडून तेथें नवी बांधतांना ही सारी किंमत आपण दुसऱ्यांदा मोजतों. पुणें-मुंबईकडे पुनर्विकासाचें वारें सुटलें आहे. कांहीं इमारती खरोखरीच मोडकळीस आल्या आहेत, त्या पाडाव्याच लागतील. पण पुष्कळांस हें अकालीं वार्धक्य आलें तें गळकी गच्ची आणि फुटका पाइप वेळेवर दुरुस्त न केल्यामुळें. काँक्रीटवर ज्यांस खरोखर प्रेम करावयाचें असेल, त्यांनीं नवी भिंत ओतण्यापूर्वीं जुना स्लॅब राखावा.

मुंबईंत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची तपासणी कायद्यानेंच आवश्यक केली आहे. पण कायद्याची वाट कशाला पाहावी? मृगापूर्वीं एकदां घरांतील कर्त्या माणसानें गच्चीवर जाऊन पाण्याच्या वाटा मोकळ्या आहेत कीं नाहींत तें पाहावें. मग खालीं उतरून जिन्याखालील, न्हाणीघरांतील व सज्ज्याखालील छताकडे मान वर करून शांतपणें पाहावें. केसासारखी भेग एकवेळ चालेल. पण सळईच्या रेघेनें गेलेली भेग किंवा तांबूस डाग दिसला, तर वरून गिलाव्याचा हात मारून तो लपवूं नये. त्या दिवशीं रंगाऱ्यास न बोलावितां अभियंत्यास बोलवावें.